तीन कोटेशने आणि एक गाव

मंडळाच्या गेल्या सर्वसाधारण सभेत, चहाच्या आधीची शेवटची बाब म्हणून एक पत्र वाचले गेले. माण तालुक्यातल्या एका वाडीचे ते पत्र होते. आपल्याच एका सभासद कुटुंबाचे ते मूळ गाव. वाडीची नळयोजना जुनी झाली आहे, विहिरीपासून टाकीपर्यंतचा पाईप वरचेवर फुटतो, पंप जळतो आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघत बसावे लागते. तरी पाईप व पंप बदलण्यासाठी मंडळाने हातभार लावावा, अशी विनंती होती. खाली समितीच्या दहा जणांच्या सह्या आणि एक अंगठा. चर्चा दहाएक मिनिटे झाली. मदत करावी याबद्दल दुमत नव्हतेच. पैसे नीट कारणी लागतील ना, एवढाच प्रश्न होता. मग कोणीतरी सुचवले आणि सर्वांनी हात वर केले: वाडीने तीन कोटेशने मागवावीत, त्यांतले सर्वांत कमी दराचे स्वीकारावे आणि पक्क्या पावत्या पाठवाव्यात. हात वर करणाऱ्यांत मीही होतो. इतिवृत्तात ठराव एकमताने मंजूर झाल्याची नोंद आहे. तेव्हा पुढे जे लिहितो आहे ते आधी माझ्याच मताविरुद्ध आहे, हे कबूल केलेले बरे.

इंग्रजीत ज्याला ‘व्हॅल्यू फॉर मनी’ म्हणतात त्याला मराठीत नेमका एक शब्द नाही. ‘पैसा वसूल’ हा जवळचा, पण तो आपण नाटक-सिनेमाला आणि बुफेच्या जेवणाला लावून टाकला आहे. सरकारी मराठीत ‘किफायतशीर’ म्हणतात, आणि किफायतशीर म्हणजे स्वस्त असे सगळेच धरून चालतात. खरी गोची इथेच आहे. भाजी घेताना कोणतीही गृहिणी स्वस्त आणि किफायतशीर यांत गल्लत करीत नाही. दहा रुपयांनी स्वस्त मिळालेली मेथी निवडताना निम्मी टाकावी लागली तर ती महागात पडली, हे तिला हिशेबनिसाशिवाय कळते. तीच बाई समितीत बसली आणि तिच्यापुढे तीन कागद ठेवले, की तिला मात्र फक्त आकडा बघायचा अधिकार उरतो. आपण ठरावात नेमके हेच केले. वाडीचे शहाणपण काढून घेतले आणि बदल्यात एक नियम दिला.

हा नियम आला कुठून, ते थोडे पाहू. महाराष्ट्रात पूर्वी गावाच्या पाण्यासाठी गाव काहीच विकत घेत नसे. योजना आखायची जिल्हा परिषदेने नाहीतर जीवन प्राधिकरणाने (१९९७ पूर्वी त्याचे नाव महाराष्ट्र पाणीपुरवठा व जलनिःसारण मंडळ असे होते), निविदा त्यांनीच काढायच्या, ठेकेदार त्यांचा, मोजमाप पुस्तिका त्यांची. गावाला एके दिवशी चर खणलेला दिसे आणि काही महिन्यांनी नळ. पाणी आले तर सरकारी नळाचे आणि नाही आले तर सरकारी नळाचेच. १९९३ साली ७३ वी घटनादुरुस्ती अंमलात आली. पुढे २००० साली राज्याने धोरण बदलले आणि गावाने मागितली तरच योजना, तीही वर्गणी भरून, असे ठरले. त्यातून २००३ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जावर ‘जलस्वराज्य’ प्रकल्प सुरू झाला. अठरा कोटी दहा लाख डॉलरचे कर्ज, २६ जिल्हे आणि २००९ पर्यंतची मुदत. भांडवली खर्चाच्या १० टक्के, आदिवासी गावांत ५ टक्के, वर्गणी गावाची आणि पुढची देखभाल पूर्णपणे गावाची. पैसे ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या बँक खात्यात हप्त्याहप्त्याने जमा होत, आणि पाईप, सिमेंट, पंप यांची खरेदी हीच समिती करी. समितीत निम्म्या स्त्रिया हव्यात असा दंडक होता. शिवाय वेगळी सामाजिक लेखापरीक्षण समिती.

माझ्या मते महाराष्ट्राच्या ग्रामीण कारभारात हा लहान बदल नव्हता. ज्या शेतकऱ्याने आयुष्यात ठिबकच्या नळ्यांपलीकडे काही घेतले नव्हते, तो तालुक्याच्या पेठेत जाऊन काही लाखांच्या पाइपाचा दर विचारू लागला. दुकानदाराशी त्याने बोलायचे, सूट मागायची, ट्रकचे भाडे कोण देणार ते ठरवायचे. ‘गाव करी ते राव न करी’ या म्हणीला इतका शब्दशः अर्थ क्वचितच आला असेल. जागतिक बँकेने अशा खरेदीसाठी १९९८ सालीच सोपे नियम काढले होते. मोठ्या निविदांच्या जागी स्थानिक कोटेशने, गावाने स्वतः मजूर लावून काम करणे, जिथे एकच विक्रेता आहे तिथे थेट त्याच्याकडून घेणे, सगळ्याला मुभा होती. यांपैकी फक्त ‘तीन कोटेशने’ एवढेच सगळीकडे रुजले, कारण ते फायलीला लावता येते.

तीन कोटेशने कशी येतात, हे ज्याने तालुक्याच्या गावी चार दिवस काढले आहेत त्याला सांगायला नको. माल ज्याच्याकडून घ्यायचा ते ठरलेले असते. तोच दुकानदार आपल्या मेव्हण्याच्या आणि शेजारच्या दुकानाचे लेटरहेड काढतो आणि दोन कोटेशने थोडी चढी करून देतो. तिन्हींवर ‘प्रति मिटर’ हा शब्द एकाच चुकीने लिहिलेला असतो. तुलनात्मक तक्ता तयार होतो, सह्या होतात आणि सर्वांत कमी दर स्वीकारला जातो. नियमाचे तंतोतंत पालन झालेले असते. यात दरवेळी कोणी पैसे खातोच असेही नाही. पुष्कळदा गावाने भला दुकानदार निवडलेला असतो, उधारीवर माल देणारा, फुटका पाईप परत घेणारा. त्या भल्या व्यवहारालाही खोट्या कागदाचे सोवळे नेसवावे लागते. प्रामाणिक माणसाला पहिल्याच पायरीवर खोटे लिहायला लावणारा नियम पैशाची राखण करतो, असे मला वाटत नाही.

आणि समजा, तिन्ही कोटेशने खरी आली. तरी काय? नोकरीची सुरुवातीची काही वर्षे मी पाणीपुरवठ्याच्या कामांवर काढली आहेत, म्हणून पाइपाबद्दल जरा विस्ताराने लिहितो. वाचकांनी कंटाळू नये, कारण सगळी मेख तिथेच आहे.

पी.व्ही.सी. पाइपाचा बाहेरचा व्यास सारखा असला तरी तो निरनिराळ्या दाबासाठी मिळतो. बाजारात त्याला ४ किलो, ६ किलो, १० किलो असे म्हणतात. फरक भिंतीच्या जाडीत असतो आणि म्हणून किमतीत. पाणी दहा मीटर वर चढवायचे तर साधारण एक किलोचा दाब लागतो. वाडीच्या विहिरीपासून टाकीपर्यंतचा उभा चढ ३५ मीटर धरा. म्हणजे साडेतीन किलो झाले. पाइपातल्या घर्षणाचे मिळवले की आपण चारच्या काठावर आलो. त्यात वीज गेली. पंप अचानक थांबला की वर चढलेले पाणी उलटे येऊन आदळते आणि क्षणभर दाब कितीतरी पटीने वाढतो. आपल्याकडे वीज वरचेवर जाते. तेव्हा तिथे ६ किलोचा पाईप हवा, हे शाखा अभियंत्याला कळते, जुन्या प्लंबरलाही कळते. पण कोटेशनवर बहुधा एवढेच असते: ‘९० एम.एम. पी.व्ही.सी. पाईप, दर प्रति मीटर’. किलोचा उल्लेख नसला की ४ किलोवाला दुकानदार सर्वांत कमी ठरतो, आणि आपल्या ठरावाप्रमाणे वाडीला तोच घ्यावा लागतो. पत्रात म्हटले आहे की सध्याचा पाईप वरचेवर फुटतो. का फुटतो, असे सभेत कोणीही विचारले नाही. मीसुद्धा नाही, आणि मला ते विचारायला हवे होते.

पंपाचेही तेच. साडेसात अश्वशक्तीचा पंप रोज सहा तास चालला तर सुमारे ३५ युनिट वीज खातो. दोन पंपांच्या कार्यक्षमतेत दहा टक्क्यांचा फरक असेल तर रोजचे साडेतीन युनिट, वर्षाचे पावणेतेराशेच्या आसपास. युनिटला सहा रुपये धरले तरी वर्षाला साडेसात हजारांवर फरक पडतो. खरेदीच्या वेळी वाचवलेले पाच-सात हजार पहिल्या वर्षातच गेले आणि पुढची नऊ वर्षे वाडीने दंड भरायचा. महाराष्ट्रात कितीतरी नळयोजना बंद पडल्या त्या पाणी आटले म्हणून नव्हे. वीजबिल थकले आणि जोडणी तोडली म्हणून. पण वीजबिल वाडी भरते आणि पंपाचे पैसे देणगीदार देतो. दोन खिसे वेगळे असल्यामुळे देणगीदाराच्या खिशाला जे किफायतशीर दिसते ते वाडीच्या खिशाला महाग पडते. तिसरा खिसा तर कोणी मोजतच नाही. पाईप फुटला की हंडा घेऊन कोण जाते?

हे सगळे आपल्याला न्यूझीलंडमध्ये राहून कळू नये, याचे खरे तर आश्चर्य वाटायला हवे. नव्वदच्या दशकात या देशाने घरांच्या सांगाड्यासाठी प्रक्रिया न केलेले लाकूड वापरायला परवानगी दिली. ते स्वस्त होते. वरून गुळगुळीत प्लास्टरचे आवरण, छपराला पुढे आलेल्या पागोळ्या नाहीत. दिसायला देखणे आणि बांधायला कमी खर्चाचे. भिंतींत पाणी शिरले, लाकूड कुजले. २००२ साली गळक्या घरांसाठी वेगळा कायदा करावा लागला आणि २००९ मधल्या एका अंदाजात, सुमारे ४२ हजार घरे धरून, हे प्रकरण ११.३ अब्ज डॉलरचे ठरले. आपल्यापैकी ज्यांनी त्या काळातले घर घेतले त्यांच्यापुढे ‘सर्वांत कमी दर’ हे शब्द काढून बघा. येथील सरकारी खरेदीचे नियमही स्पष्ट सांगतात की किंमत कमी म्हणजे मोबदला चांगला असे नव्हे; वस्तूच्या पूर्ण आयुष्यातला खर्च आणि फायदा बघायचा. स्वतः जागतिक बँकेने २०१६ च्या जुलैपासून लागू केलेल्या नव्या खरेदी-चौकटीत हेच तत्त्व पुढे आणले. म्हणजे ज्यांच्याकडून आपण तीन कोटेशने शिकलो ते पुढे गेले, आणि आपण मात्र जुनीच पोथी वाचतो आहोत.

आता दुसरी बाजू. वरचे वाचून कोणी म्हणेल, मग गावावर सोडून द्या, गावाचे हित गावाला कळते. या भाबडेपणालाही माझा तितकाच विरोध आहे. गाव म्हणजे एक माणूस नव्हे. तिथे सरपंच आहे, सरपंचाचा विरोधक आहे, पाईपलाईन ज्याच्या रानातून जाते तो आहे आणि जिच्या वस्तीपर्यंत ती कधीच जात नाही ती वस्ती आहे. ‘तळे राखील तो पाणी चाखील’ ही म्हणही आपल्याच पूर्वजांची.

याबाबत मला माहीत असलेला सर्वांत बोलका पुरावा इंडोनेशियाचा आहे. तिथे १९९८ पासून केचामातान विकास कार्यक्रमाखाली गावांना थेट पैसे मिळत. साहित्याची खरेदी आणि रस्त्याचे काम गावच करी. बेंजामिन ओल्केन या अर्थशास्त्रज्ञाने जावातल्या ६०८ गावांतले रस्ते तपासले. नुसत्या पावत्या पाहिल्या नाहीत. अभियंत्यांनी रस्ता जागोजागी खणून नमुने काढले, खडी आणि वाळू प्रत्यक्षात किती पडली ते मोजले, आजूबाजूच्या बाजारातले भाव घेतले आणि मग गावाने दाखवलेल्या खर्चाशी ताळा घातला. काही गावांना आधीच कळवले होते की तुमच्या कामाचे सरकारी लेखापरीक्षण नक्की होणार. एरवी अशा तपासणीची शक्यता शंभरात चार इतकीच होती. या गावांत गहाळ खर्च आठ टक्के-गुणांनी घटला. दुसऱ्या काही गावांत हिशेबाच्या सभेला जास्तीत जास्त लोक यावेत म्हणून शेकड्यांनी निमंत्रणे वाटली. तिथे गळती सरासरीने फारशी कमी झाली नाही. मजुरीतली चोरी घटली; साहित्यातली नाही.

या निष्कर्षावर मी बराच विचार केला आहे. मजुरी बुडाली तर ज्याची बुडाली तो सभेत उभा राहून भांडतो. खडीचा एक ट्रक कमी पडला तर तो कोणाचा कमी पडला? साऱ्या गावाचा, म्हणजे कोणाचाच नाही. शिवाय ट्रक कमी आला हे कळायचे कसे? आपल्या पाइपाचे हेच आहे. चर खणणाऱ्याला त्याचे पैसे मिळाले की नाही ते वाडी बघून घेईल, त्यासाठी ऑकलंडहून कोणी डोळे वटारायची गरज नाही. पाईप ६ किलोचा म्हणून ४ किलोचा आला तर मात्र सबंध ग्रामसभा जमली तरी ते नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही. तिथे जाणता माणूस लागतो. त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट: ज्या गावांत लेखापरीक्षण ठरलेले होते तिथे पैसे कमी गहाळ झाले, पण कामावर कारभाऱ्यांचे नातेवाईक जास्त लागले. पाणी चाखायची एक वाट बंद केली की दुसरी फुटते. यावर हसावे की रडावे, ते ज्याने त्याने ठरवावे.

तरी सभा निरुपयोगी असे मी म्हणणार नाही. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये कोटकिराना येथे पहिली जनसुनवाई घेतली, तेव्हा नोंदवह्या आणि बिले लोकांसमोर मोठ्याने वाचली गेली. अशा सुनावण्यांतून मेलेल्या माणसांची नावे हजेरीपटावर निघाली, न झालेल्या कामांची बिले निघाली. जावातल्या सभेत जे झाले नाही ते इथे का झाले? माझा तर्क असा, की इथे नुसते ‘या’ म्हटले नव्हते. कागद आधी मिळवला होता आणि तो एकेक ओळ करून लोकांच्या भाषेत वाचला होता. ‘साहित्य खर्च: इतके लाख’ असे वाचले तर माना डोलतात. ‘शाळेच्या भिंतीला सिमेंटची दोनशे पोती’ असे वाचले की मागून एखादा गवंडी उठतोच. पुढे महाराष्ट्राचा आणि २००५ मध्ये देशाचा माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला, त्याच्या मुळाशी अशी वाचने आहेत.

जाता जाता ‘देऊळ’ची आठवण होते. उमेश कुलकर्णी यांचा हा २०११ चा चित्रपट आपल्यातल्या बहुतेकांनी पाहिला असेल. मंगरूळ गावात केश्याला दत्त दिसतो, आणि बघता बघता अण्णांच्या दवाखान्याचा आराखडा बाजूला पडून देऊळ उभे राहते. चित्रपटाबद्दल लिहिताना श्रद्धा आणि बाजार यांवर पुष्कळ लिहिले गेले. मला तो दरवेळी खरेदीचा चित्रपट वाटतो. देवळासाठी आणलेल्या दगडाची आणि सिमेंटची तीन तीन कोटेशने घेतली असती, तरी मंगरूळला दवाखाना मिळाला नसता. काय घ्यायचे, हे कोणी आणि कधी ठरवले, हा प्रश्न दराच्या कितीतरी आधी येतो. आणि आपले सगळे नियम त्याच्या नंतर सुरू होतात.

आपण स्वतः कसे वागतो, हेही तपासायला हवे. पूर्वी येथील एका संस्थेच्या समितीवर मी होतो. संस्थेचे आणि उपनगराचे नाव घेत नाही. ध्वनियंत्रणेसाठी अनुदानाचा अर्ज करायचा होता; पैसे पबमधल्या पोकी मशिनच्या उत्पन्नातून अनुदान देणाऱ्या एका ट्रस्टचे. (२००३ च्या जुगार कायद्याने हे पैसे समाजकार्यात गेलेच पाहिजेत, ते कोणाच्या खिशातून येतात याचा विचार आपण आरतीच्या वेळी करीत नाही, असो.) दोन कोटेशने जोडायची होती. एक ज्याच्याकडून घ्यायचे त्याचे होते. दुसरे आमच्याच एका परिचिताने ‘द्यायचे म्हणून’ दिले. त्यावर सही माझी होती. माण तालुक्यातला दुकानदार आणि मी, यांत फरक एवढाच की माझे लेटरहेड रंगीत होते.

याच देशात मात्र याहून चांगले उदाहरणही आहे. गावोगाव दिसणारी युद्धस्मारक सभागृहे, ज्यांत आपण गणपती बसवतो, दांडिया खेळतो, ती बरीचशी दुसऱ्या महायुद्धानंतरची. सरकारने १९४६ मध्ये जाहीर केले की लोक जेवढे पौंड जमवतील तेवढेच पौंड सरकार घालील. मग शेतकऱ्यांनी मेंढ्या विकल्या, बायकांनी केक विकले, आणि शनिवारी ‘वर्किंग बी’ म्हणजे आपले श्रमदान. अशी शेकडो सभागृहे उभी राहिली. त्यांतली कितीतरी आजही कोरडी आहेत, आणि मला वाटते त्याचे एक कारण असे की ज्याने लाकूड निवडले त्याच्याच मुलीचे लग्न पुढे त्या छपराखाली व्हायचे होते. निवडणारा आणि वापरणारा एकच होता. आपल्याकडच्या इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातही, फादर हर्मन बाखर यांच्या पुढाकारातून आलेल्या, गावाने आधी श्रमदान करून दाखवायचे, मग पैसे, हाच क्रम होता. हात आधी मळले की पुढे मालाकडे बघायची नजर बदलते.

आता आपल्या ठरावात आणखी एक अडचण आहे, आणि ती सभेत कोणाच्याच ध्यानात आली नाही. आपले मंडळ ही न्यूझीलंडमध्ये नोंदलेली संस्था. भारताच्या कायद्याने ते परकीय देणगीदार ठरते. वाडीच्या समितीकडे परकीय देणगीची नोंदणी नाही, तेव्हा तिला आपण थेट पैसे देऊ शकत नाही. नोंदणी असलेल्या स्वयंसेवी संस्थेला देता येतील, त्याही दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतल्या खात्यात. आणि २०२० च्या दुरुस्तीपासून ती संस्था हे पैसे पुढे दुसऱ्या कोणाला सुपूर्द करू शकत नाही. म्हणजे खर्च तिने स्वतः करायचा. थोडक्यात, वाडी कोटेशने मागवील, कमी दराचे स्वीकारील असे आपण जे लिहिले ते होणारच नाही. पाईप संस्था घेईल आणि वाडी पुन्हा पूर्वीसारखी चराकडे बघत उभी राहील. ज्या सभासदांचे भारतीय नागरिकत्व कायम आहे त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी परकीय धरली जात नाही, हा एक मार्ग आहे. पण मग ती मंडळाची देणगी राहत नाही, आणि ज्यांनी इथले नागरिकत्व घेतले ते बाहेर पडतात. सभेत हात वर करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक त्यांतले असतील.

म्हणून पुढच्या सभेला मी ठराव दुरुस्तीसाठी आणणार आहे. पैसे नोंदणीकृत संस्थेमार्फत जावेत, पण काय घ्यायचे ते वाडीने ग्रामसभेत ठरवून लिहून द्यावे: पाइपाचा व्यास, किलो, लांबी, पंपाची कार्यक्षमता, सगळे कोटेशन मागण्याच्या आधी. दुकानदार वाडीने निवडावा. एकच कोटेशन आले तर एकच चालेल. मात्र तोच का निवडला याची दोन वाक्ये हवीत, आणि समितीतल्या कोणाचा तो नातेवाईक असेल तर तेही त्यातच लिहावे. (येथील २०२२ च्या संस्था कायद्याने आपल्या कार्यकारिणीलाही हितसंबंध असे उघड करावे लागतात, तेव्हा वाडीला वेगळा न्याय लावतो असे होणार नाही.) माल उतरल्यावर पाइपावरचा परवाना क्रमांक मानक ब्युरोच्या मोबाइल ॲपवर तपासता येतो, आणि एक लांबी काट्यावर ठेवून वजन तक्त्याशी ताडता येते, ४ किलोचा पाईप ६ किलोचा म्हणून आला तर काटा ते सांगतो. एवढ्यासाठी तालुक्यातल्या एखाद्या निवृत्त अभियंत्याला त्याची फी देऊन दोनदा बोलवावे. सभेत कोणीतरी म्हणेलच, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. हिशेब मांडून पाहिला तर ही फी पाइपाच्या किमतीपुढे किरकोळ आहे, आणि आपण पावत्यांच्या छायाप्रती, भाषांतरे आणि कुरिअर यांवर जे घालवणार होतो त्याहून फार वेगळी नाही.

बिले इंग्रजीत आपल्याकडे येण्याआधी मराठीत वाडीच्या चावडीवर वाचली जावीत, ही शेवटची अट. वाचणारी व्यक्ती समितीबाहेरची असावी. ज्यांनी अंगठा लावला होता त्या आजीबाईंची विहीर सर्वांत लांब पडते, असे आपल्या सभासद कुटुंबाकडून कळले. वाचन त्यांच्या अंगणात ठेवता येईल का, असे मी पत्राने विचारले आहे. उत्तर यायचे आहे.